आतोबांच्या वाटणीचा शिरा

आमच्या आतोबांनी आयुष्यात जेवढी माणसं जेवू घातली तेवढी दुष्काळात सरकारनंसुद्धा घातली नसतील, आणि हे मी सरकारी नोकर असून सांगतो. आतोबा म्हणजे माझ्या थोरल्या आत्याचे यजमान. सुप्याला पोस्टमास्तर होते, पण ती नोकरी म्हणजे त्यांचा जोडधंदा. खरा धंदा पंगतीत वाढण्याचा, आणि तोही फुकट. पंचक्रोशीत कुणाकडं लग्न, मुंज, बारसं, तेरावं काहीही असलं की यजमान आधी आतोबांना विचारायचा आणि मग भटजींना. मुहूर्त चुकला तर भटजी दुसरा काढून देतात, आतोबा चुकले तर पंगत कोण सांभाळणार, असा तिथला विचार होता. धोतर गुडघ्यापर्यंत खोचलेलं, कमरेला पंचा, हातात बुंदीची परात आणि कंबर काटकोनात वाकलेली. पंगतीत ताठ उभे असलेले आतोबा मला आठवतच नाहीत.

पोस्टात तीस-बत्तीस वर्षं काढल्यामुळं त्यांना नजरेनं वजन कळायचं. पाकीट काट्यावर ठेवायच्या आधीच तिकीट किती लागेल ते सांगायचे, आणि तीच नजर पंगतीत वापरायचे. माणूस पाटावर बसताना जो सुस्कारा सोडतो त्यावरून हा किती लाडवांचा धनी आहे हे त्यांना समजायचं, मग तो स्वतःला काहीही समजत असो. पुण्याहून आलेले एक तपासनीस, डॉक्टरनं गोड बंद केलंय म्हणून हात आखडून बसले होते. आतोबांनी वाद घातला नाही. फक्त विचारलं, डॉक्टर आज इथं आलेत का. तपासनीसांनी सात जिलब्या खाल्ल्या. एका लग्नात मुलाचे वडील फेट्यावरून रुसून मांडवाबाहेर जाऊन बसले. दोन्हीकडच्या वडीलधाऱ्यांचे हात जोडून झाले. आतोबांनी फेट्याचं नावही काढलं नाही. तिथंच बाभळीखाली त्यांच्यापुढं पान मांडलं आणि म्हणाले, "रुसायचं तेवढं रुसा, पण उपाशीपोटी रुसू नका, रुसवा टिकत नाही." चौथ्या जिलबीला त्या गृहस्थांना आपण कशावरून रुसलो होतो तेच आठवेना.

मी तर जन्माचा भिडस्त. मला नाही म्हणता येत नाही, आणि आतोबांना नाही ऐकू येत नसे. माझ्यासाठी त्यांच्याकडं एक खास हत्यार होतं. "तुझ्या वडिलांनी ह्याच गावात अकरा लाडू खाल्ले होते, बापू. त्यांच्या नावाला पाच तरी खा." माझे वडील अग्निमांद्याचे रोगी, जन्मभर मऊ भातावर जगलेले. हे मला ठाऊक होतं, आतोबांनाही ठाऊक होतं, आणि आपल्या दोघांनाही ठाऊक आहे हेही दोघांना ठाऊक होतं. तरी मी पाच खायचो.

त्यांचा स्वतःपुरता एकच नियम होता. वाढप्यानं शेवटी जेवायचं. शेवटी म्हणजे वऱ्हाडी जेवले, घरचे जेवले, बँडवाले जेवले, गाडीवाले जेवले, मांडवाच्या कडेला आशेनं बसलेले जेवले, त्यानंतर. यजमानीणबाई त्यांच्यासाठी पान मांडू लागली की आतोबा परातीचा तळ बघायचे आणि म्हणायचे की आता वासानंच पोट भरलं, घरी जाऊन दूधभात खाईन. आम्ही दुसऱ्या दिवशी त्यांच्या घरी गेलो आणि जेवायचा विषय निघाला तर म्हणायचे की कालच्या लग्नाचं अजून अंगावर आहे, तू बस. मग मी बसायचो. आत्या गेल्यानंतरच्या सहा वर्षांत मी त्यांच्याकडं कितीदा गेलो असेन, आणि एकदाही उपाशी परतलो नाही. त्यात काही वावगं आहे असं मला कधी वाटलं नाही. भरल्या पोटी माणसाला फारसं काही वाटत नाही.

त्र्याहत्तरच्या उन्हाळ्यात ते पडले. दुष्काळामुळं तेव्हा पाचशे पानांची लग्नं पन्नासावर आली होती, घरोघर मिलोच्या, म्हणजे अमेरिकेहून आलेल्या ज्वारीच्या, लाल भाकऱ्या चालल्या होत्या, आणि परात शेवटी खरवडून पुसून घेतली जाई. अशाच एका लग्नात सांडलेल्या कढीवरून आतोबांचा पाय घसरला. हातात भाताचं घमेलं होतं. पाहणारे सांगतात की मास्तर आडवे झाले पण घमेलं उभं राहिलं, एक शीत सांडलं नाही. उठता येईना तेव्हा त्यांनी आहे तिथंच पडून राहून सांगितलं की पंगत मोडू नका, तिसऱ्या पानावर वरण आलेलं नाही. लोक बिचारे जेवले. त्यानंतर भांडी परत न्यायला आलेल्या टेम्पोत दोन पातेल्यांच्या मध्ये गादी टाकून त्यांना नगरला, मी नोकरीला होतो तिथल्या इस्पितळात आणलं.

हाडांच्या डॉक्टरांनी फोटो पाहिला आणि सांगितलं की खुब्याचा गोळा मानेपाशी मोडलाय, तो सांधणार नाही. तो काढून त्या जागी धातूचा बसवावा लागेल. आतोबांना ही कल्पना पसंत पडली. बदलीवर माणूस घ्यायचा, एवढंच ना, असं ते म्हणाले. पण डॉक्टर त्यांच्या खुब्याकडं बघतच नव्हते. त्यांनी आतोबांचा दंड स्वतःच्या अंगठ्याच्या आणि बोटाच्या कड्यात धरला, कडं सहज मिटलं. पायावर बोट दाबलं, खड्डा पडला आणि तसाच राहिला. डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली. मग मला विचारलं, हे करतात काय. मी अभिमानानं म्हणालो, पंचक्रोशीला जेवू घालतात.

"आणि ह्यांना कोण घालतं?" डॉक्टर म्हणाले.

मला वाटलं विनोद आहे, म्हणून मी हसलो. डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी मला व्हरांड्यात नेलं. म्हणाले, हाड बसवायचं काम माझं, पण जखम मी भरत नाही, ती रोग्यानं खाल्लेल्या अन्नानं भरते. ह्यांच्या अंगात भरायला काही नाहीच. आज कापलं तर टाके धरणार नाहीत, आत पू होईल, छाती भरेल, आणि मग हे टेबलावरून उतरतील पण खाटेवरून उठणार नाहीत. ऑपरेशन न केलं तर तसेही उठणार नाहीत. तेव्हा पाय वजन लावून ओढून ठेवतो, तीन आठवडे ह्यांना खाऊ घाला. दूध, डाळी, तूप, दाण्याचे लाडू, चालत असेल तर अंडं. आणि काय काय खाल्लं ते रोज कागदावर लिहून ठेवा, त्यावरून मी दिवस ठरवीन.

अंड्याचं आतोबांना विचारलं तेव्हा ते म्हणाले की मी कधी वाढलेलं नाही, त्यामुळं त्याचा आग्रह कसा करतात ते मला माहीत नाही. तो विषय तिथंच मिटला.

आता माझ्या पापाकडं येतो. माझ्या बायकोनं रेशनच्या साखरेतून आणि माहेरून आलेल्या तुपातून रोज शिरा करायला सुरुवात केली. सकाळी शिरा आणि दूध, संध्याकाळी मुगाचं घट्ट वरण, भात, लाडू. मी डबा घेऊन वॉर्डात शिरायचो, आतोबांच्या छातीवर पंचा अंथरायचो, आणि झाकण काढलं की त्या माणसाचा चेहरा उजळायचा. मला आधी वाटलं की भुकेनं. पण त्यांना डबा दिसत नव्हता, पंगत दिसत होती. त्या वॉर्डात आतोबांची सोडून आठ खाटा होत्या. पाय बांधलेला असल्यामुळं आतोबांना हलता येत नव्हतं, पण मी होतो. "बापू, त्या कोपऱ्यातल्या म्हाताऱ्याला घाल. हात आखडू नकोस, डावानं घाल. आता शेजारी."

शेजारच्या खाटेवर बाबूराव होते. पारनेरकडचे बागाईतदार गडी, विहिरीच्या कामावर दरड पडून मांडीचं हाड मोडलेले. ते पहिल्या दिवशी नको म्हणाले, दुसऱ्या दिवशी थोडा म्हणाले, आणि तिसऱ्या दिवसापासून मी दारात दिसलो की वाटी पुसून बसायचे. आठ खाटा झाल्या की आतोबा माझ्याकडं वळायचे. कचेरीतून थेट आलास, तोंड सुकलंय, आधी तू खा, मी मागाहून खातो. आणि मग अकरा लाडवांचे वडील. मी खायचो. आतोबा दोन चमचे तोंडात घालायचे, तेही मी बघत असलो तर, आणि म्हणायचे की शिऱ्यात वेलदोडा थोडा कमी आहे.

कागद मात्र मी चोख लिहीत होतो. मी कारकून माणूस, रिकामी चौकट दिसली की हाताला ती भरल्याशिवाय चैन पडत नाही. "रुग्णाने शिरा वाट्या दोन, दूध पेला एक, लाडू नग तीन आवडीने सेवन केले." खाली सही. उद्या खातील, उद्यापासून खरं लिहू, असं मी रोज स्वतःला सांगायचो. तीन आठवड्यांत बाबूरावांचा करगोटा दोनदा सैल करावा लागला. कोपऱ्यातला म्हातारा, जो जाणार म्हणून नातेवाईक येऊन बसले होते, तो त्यांच्यावर खेकसू लागला. माझ्या विजारीचं बटण तुटलं. ते शिवताना बायको म्हणाली, "सगळा जिल्हा वाळला, तुम्हीच कसे काय भरलात?" मी म्हणालो, बसून काम असतं.

एकविसाव्या दिवशी डॉक्टरांनी कागद वाचला, समाधानानं मान हलवली आणि सिस्टरना सांगितलं की शुक्रवारी सकाळी ह्यांना घेऊ. सिस्टर श्रीरामपूरच्या, मितभाषी. त्यांनी एकदा आतोबांच्या दंडाकडं पाहिलं, एकदा माझ्या पोटाकडं पाहिलं, आणि काही न बोलता निघून गेल्या. त्या जर बोलल्या असत्या तर मी खोटं बोलून सुटलो असतो.

बुधवारी दुपारी कचेरीतून अर्धी रजा काढून मी डॉक्टरांच्या खोलीत गेलो. "टाके धरणार नाहीत" हे त्यांचे शब्द दोन दिवस माझ्या कानात होते. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. कागदावरचा एकही लाडू आतोबांनी खाल्लेला नाही. तो वॉर्डानं खाल्लाय, आणि त्यातला मोठा वाटा माझा आहे. डॉक्टरांनी तो कागद काढला आणि वरपासून खालपर्यंत पुन्हा वाचला.

"म्हणजे तीन आठवडे मी तुम्हाला ऑपरेशनसाठी तयार करत होतो," ते म्हणाले. "छान झालीय तयारी. तुमची जखम आठ दिवसांत भरेल."

मग त्यांनी तो कागद फाडला नाही, मला परत दिला, आणि आवाज खाली आणून सांगितलं की शुक्रवार झाला असता तर ही माझ्या हातून झालेली हत्या ठरली असती आणि तुमच्या हातची सही खाली राहिली असती. आणखी तीन आठवडे देतो. त्यापुढं थांबता येणार नाही, पाठीला जखम होऊ लागलीय. आता जे काय करायचं ते तुम्ही करा.

मी आतोबांच्या खाटेपाशी जाऊन बसलो. डबा आणला नव्हता, त्यामुळं त्यांना काय बोलावं सुचेना. जो प्रश्न सहा वर्षांत विचारायचा राहिला होता तो मी तेव्हा विचारला. पोटभर असं शेवटचं कधी जेवलात.

त्यांनी छताकडं पाहिलं. "तुझी आत्या ताट झाकून ठेवायची," ते म्हणाले. "कितीही उशीर झाला तरी. ते ताट गेलं ना रे."

एवढंच बोलले. बाकीचं मला आपोआप कळत गेलं. गावाला वाटायचं, मास्तर घरी जेवतात. आम्हाला वाटायचं, ते पंगतीत जेवतात. दोन्हीकडच्या समजुतीत मधल्या मध्ये एक माणूस उपाशी राहिला. एकट्यापुरती चूल पेटवायला त्यांचा हात होत नसे, चहावर दिवस निघायचा, आणि भुकेलाही कोणी विचारलं नाही की ती हळूहळू यायची बंद होते. जो पुढ्यातल्या परक्या माणसाच्या पोटात किती जागा आहे हे नजरेनं ओळखायचा, त्याच्या पोटाकडं बघणारं कोणी नव्हतं. मी होतो, पण मी तेव्हा जेवत होतो.

शेजारून बाबूराव हे सगळं ऐकत होते. त्यांनी माझ्यासारखा पश्चात्तापात वेळ घालवला नाही. त्या संध्याकाळी मी डबा घेऊन आलो, आतोबांनी हुकूम सोडले, मी आठ वाट्यांत वरणभात वाढला, आणि एकानंही हात लावला नाही. आठ माणसं वाट्या मांडीवर घेऊन बसून राहिली. कोपऱ्यातल्या म्हाताऱ्यानं तर हात मागं बांधले. आतोबांना आधी वाटलं की मीठ राहिलं. मग बाबूराव बोलले.

"मास्तर, तुमी घास घेतल्याबिगर हितं कोनी जेवनार न्हाई. आमचं ठरलंय."

आतोबा म्हणाले, मी मागाहून घेतो. बाबूराव म्हणाले, आमीबी मागनंच घेऊ. आतोबांनी धाक घातला, समजूत घातली, बाबूरावांच्या वडिलांनी किती लाडू खाल्ले होते तेही सांगायला निघाले, पण बाबूरावांचे वडील ते तान्हे असतानाच वारले होते, त्यामुळं ते हत्यार चालेना. पाच मिनिटं गेली, दहा गेली. तुपाचा थर वरणावर गोठू लागला. आतोबांनी पुढ्यातल्या अन्नाचा असा अपमान जन्मात पाहिला नव्हता. ते अक्षरशः तळमळू लागले. "अरे, निवतंय ते," असं दोनदा म्हणाले, आणि शेवटी रागारागानं एक घास तोंडात घातला. आठ हात वाट्यांत गेले. त्यांनी चमचा खाली ठेवला की आठ हात थांबायचे. उचलला की चालू. अशी पंगत मी पुन्हा कुठं पाहिली नाही.

सुरुवातीला चार-पाच घासांपुढं जाईना, पोटाला सवयच उरली नव्हती. मग वाटी झाली, मग दीड. बाबूरावांना आग्रहाची गोडी लागली. ते खाटेवरून फर्मावायचे, आता वरन घ्या, आता लाडू मोडा, आन् ह्यो गिळा, गालात ठिवू नका, मला दिसतंय. सिस्टर दुधाचा पेला हातात देऊन तो रिकामा होईपर्यंत समोर उभ्या राहायच्या, न बोलता. आतोबा चिडायचे, आग्रह करायची ही काय रीत झाली म्हणायचे, आणि प्यायचे. मी कागदावर खरं लिहीत होतो. "अर्धी वाटी." "पाऊण वाटी, कुरकुर करून." मी मात्र त्या वॉर्डात पुन्हा पाण्याशिवाय काही तोंडात घातलं नाही, आणि आतोबांनीही मला वडिलांची आठवण करून दिली नाही.

तीन आठवड्यांनी डॉक्टरांनी परत दंड धरला. बोट आणि अंगठा ह्यांच्यात थोडी फट राहिली. तेवढी फट बघून ते म्हणाले की जोखीम गेली नाही, पण आता घेण्यासारखी आहे. ऑपरेशनच्या सकाळी आतोबांना काही खायला द्यायचं नव्हतं. सबंध वॉर्डानं न सांगता चहा मागं सारला, आणि ह्यावर आतोबा स्ट्रेचरवरून सगळ्यांना रागे भरत आत गेले. मी बाहेर बाकावर बसलो होतो. देवाला काय मागावं ते सुचत नव्हतं, कारण त्याच्या प्रसादाचाही मी एव्हाना धसका घेतला होता.

बाराव्या दिवशी टाके काढले. जखम स्वच्छ, कोरडी, मिटलेली. डॉक्टरांनी मला मुद्दाम बोलावून दाखवली. आतोबा पोलादी गोळ्यावर उभे राहिले, सिस्टरचा हात धरून चार पावलं चालले, आणि बाबूरावांच्या खाटेपाशी थांबून त्यांची वाटी भरली आहे की नाही ते पाहून परत आले.

घरी सोडताना डॉक्टरांनी दोन गोष्टींना मनाई केली. जमिनीवर मांडी घालून बसायचं नाही, आणि कमरेत वाकायचं नाही. वाकलात तर गोळा जागा सोडील. इतके दिवस मी फक्त ते जगतात की नाही ह्याच्या काळजीत होतो. जगून करणार काय, हा विचार माझ्या मनात आलाच नव्हता. आतोबांच्या लगेच लक्षात आलं. त्यांनी विचारलं, म्हणजे पानावर वाढायचं नाही. डॉक्टर म्हणाले, नाही. आतोबांनी मान हलवली आणि काठी कुठली घ्यावी ह्यावर बोलू लागले.

पुढं ते चार वर्षं जगले. सुप्याच्या स्टँडपर्यंत काठी टेकत जाऊन यायचे, रविवारी नगरला आमच्याकडं जेवायचे. खूप गोष्टी आठवतात, पण सगळ्यांत जास्त आठवतं ते बाबूरावांच्या मुलीचं लग्न. दुष्काळ सरून चांगलं पिकलं होतं. बाबूरावांनी आतोबांना पहिल्या पंगतीत बसवलं. खाली बसता येत नाही म्हणून ओळीच्या टोकाला खुर्ची, पुढ्यात शाळेतलं मेज, मेजावर पत्रावळ. आयुष्यात पहिल्यांदा ते पहिल्या पंगतीत होते, आणि दीडशे माणसांपेक्षा दोन हात उंच. वाढायला आम्ही होतो. माझ्या हातून दोन पानांवर मीठ राहिलं आणि एका पानावर दोनदा पडलं, हे त्यांनी तिथून ओळखलं. मी बुंदीची परात घेऊन त्यांच्यापाशी आलो तेव्हा ते पंगतीकडं टक लावून बघत होते. मी हळूच विचारलं, वाईट वाटतंय का.

"वाढताना नुसती पानं दिसतात रे," ते म्हणाले. "माणसांची तोंडं आज बघतोय."

त्यांचं जेवण सावकाश चाललं होतं. दात थोडे, आणि मधूनमधून बघत राहणं. आमच्याकडं पंगत एकदम उठते, शेवटच्या माणसाचं होईपर्यंत कुणी जागचं हलत नाही. एकेकाचं होत गेलं, हात सुकले, पोरं चुळबुळायची थांबली, आणि मांडवाबाहेर दुसऱ्या पंगतीची माणसं उभी होती. आतोबांनी मान वर केली तेव्हा सगळे त्यांच्याकडं बघत होते. त्यांच्या ध्यानात आलं तसे ते ओशाळले. भात बाजूला सारून त्यांनी काठीकडं हात नेला.

बाबूराव मांडवाच्या खांबाला टेकून उभे होते. तिथूनच म्हणाले, "मास्तर, सावकास होऊ द्या. बाहीरची मानसं थांबत्याल. कुनाला घाई न्हाई."

आतोबांनी हात मागं घेतला. खाली मान घालून त्यांनी उरलेला भात कालवला, आणि दीडशे माणसं वाळल्या हातांनी त्यांचं जेवण होईस्तोवर बसून राहिली.